गाण्यातला परका हात

"थांबव," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते आपणच म्हणालो हे तेन्चाला लगेच कळलं नाही. कुणा बाईला उतरायचं असेल असं वाटून ती मान वळवून मागे बघू लागली. मग तिच्या ध्यानात आलं की मागचे सगळे तिच्याकडेच बघताहेत. सकाळचे अकरा वाजले होते. ऑगस्टचं ऊन मोन्तेर्रेच्या रस्त्यांवर नुसतं आदळत होतं, बसच्या खिडक्या अर्ध्यावर अडकलेल्या, आणि बाहेरून येणारा वारासुद्धा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात तीन माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तयार कवळी. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या जागेत ती सव्वीस वर्षं मेणात दात बसवत आली होती, आणि आठवड्यातून दोनदा माल पोचवायला स्वतः जायची, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून साचे फुटायचे. बावन्न वर्षांची, बुटकी, केस मागे घट्ट बांधलेली बाई. सतरा नंबरच्या बसमध्ये अशा बायकांकडे कुणी बघत नाही, आणि तिला तेच आजवर बरं वाटत आलं होतं.

बसमध्ये चढलेला गाणारा थांबला, पण त्याचा अंगठा खालच्या तारेवर तसाच चालू राहिला. सेवेरो म्हणून त्यानं चढतानाच सगळ्यांना आपलं नाव सांगितलं होतं. पन्नाशीचा माणूस, कडक टोपी, गिटारीच्या पोटावर लाकडाचं ठिगळ. खालचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे त्याच्या प्रत्येक 'स'मधून वारा निघायचा. हे तेन्चानं तो दारात असतानाच टिपलं होतं. माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे दात दिसायचे तिला, त्याला इलाज नव्हता. त्यानं आधी एक प्रेमाचं गाणं म्हटलं होतं, ते कुणी फारसं ऐकलं नाही. मग त्यानं विचारलं, "पुढचं कुठलं म्हणू?" आणि तिच्या पलीकडच्या बाकावरची, पिशवीतून कोथिंबिरीच्या जुड्या डोकावत असलेली लठ्ठ बाई म्हणाली, "देल्फिना म्हण की. देल्फिना म्हटल्याशिवाय उतरू नकोस." लगेच बसमध्ये जरा जीव आला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं घडी घातली. कॉलेजच्या दोन मुली खिडकीपासून वळल्या. ड्रायव्हरनं आपला रेडिओ बारीक केला. हे नेहमीचंच. देशाच्या या उत्तर भागात असं एक लग्न होत नाही, एक बारसं होत नाही, की जिथं तिसऱ्या-चौथ्या ग्लासानंतर कुणीतरी अकॉर्डियनवाल्याला हाक मारून देल्फिना मागत नाही. खाटकाच्या दुकानात ते लागतं. शाळेच्या अंगणात पोरी समोरासमोर उभ्या राहून त्याच्या चालीवर टाळ्या देतात, पिवळा झगा, लाल फीत, पिवळा झगा, लाल फीत, आणि जी चुकते ती मरते.

साल होतं एक्कावन्न, मार्च महिना गार,
लास नोरियासच्या फलाटावर झाला गोळीबार.

आणि तेन्चाचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर ठेका धरू लागला. हे तर दर वेळचं. ही चाल कानावर पडली की आधी पाय हलायचा, आणि मग ती पायाकडे असं बघायची की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. चाल सुरेख होती, हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर गाणं कधीच मेलं असतं. तिच्या स्वतःच्या लग्नात वाजलं होतं ते, साठ साली. तिचा नवरा बाल्दोमेरो कॉलर सैल करत, घामानं चमकत तिच्याकडे आला होता, "चल, हे तर माझं सगळ्यात आवडतं," आणि ती नाचली होती. मोजून चार मिनिटं, पांढऱ्या चपलांत, आपल्या सख्ख्या बहिणीच्या मरणावर. कुणाला माहीत नव्हतं. लास नोरियास गाव सोडून आई तिला घेऊन मोन्तेर्रेला आली तेव्हाच आडनावाच्या पुढची सगळी गोष्ट मागे राहिली होती. एलिसोन्दो काय, या भागात ढिगानं सापडतात.

एकाची अंगठी बोटात, दुसऱ्याची ओढ मनी,
देल्फिना गं देल्फिना, तुझे दोन दोन धनी.

लठ्ठ बाई डोळे मिटून ओठ हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की तेन्चाला तिचा रागही येईना. काय ऐकत असेल ही? हिच्याही पोटात कुठली तरी बोटावरची अंगठी असेल, कुठला तरी फलाट असेल. गाण्यात जी मरते ती यांच्या वतीनं मरते, म्हणून यांना ती इतकी लाडकी. तेन्चाला हे कळत होतं. चाळीस वर्षं ती स्वतःला हेच समजावत आली होती, की ही देल्फिना वेगळी, ती लोकांची. आपली देल्फिना वेगळी, तिला कुणी गाण्यात नेलेलं नाही. पण अलीकडे काही दिवस तिला एक नवीनच भीती वाटू लागली होती. रात्री अंथरुणावर पडून ती आपल्या देल्फिनाला आठवू जायची, आणि जी समोर यायची तिच्या अंगात पिवळा झगा असायचा. वास्तविक त्या दिवशी देल्फिनानं राखाडी कोट घातला होता, मामाचा जुना, बाह्या आत वळवून शिवलेला. आईनंच शिवला होता. आणि त्याच आईनं, मरायच्या आधीच्या वर्षी, दोघी भाजी चिरत असताना म्हटलं होतं, "तो पिवळा झगा किती शोभायचा गं तिला." तेन्चानं सुरी खाली ठेवली होती. आई, पिवळा झगा नव्हताच, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मग ते तसंच मिटलं. म्हणजे गाणं आधी लोकांत गेलं, मग आईच्या डोक्यात शिरलं, आणि आता तिच्या स्वतःच्या उशीपर्यंत आलं होतं. तिच्याजवळ तिचं म्हणून काय उरलं होतं? एक पेटी. पेटीच्या लोखंडी कडीचा काच. तळव्यावर उठलेला लाल वळ, जो संध्याकाळी निवला आणि त्याचा तिला फार राग आला होता.

पिवळा झगा, लाल फीत, गाडीची होती घाई,
पेटी धरली परक्या हाताने, रुपेर्तो बघत राही.

इथं ती म्हणाली, "थांबव."

"काय झालं, बाई?" सेवेरो म्हणाला. "आवाज मोठा होतोय का?"

"नाही. चुकतोयस तू."

बसमध्ये थोडं हसू फुटलं. सेवेरोही हसला, दातांच्या फटीतून. "हे गाणं मी चुकतोय? तीस वर्षं म्हणतोय मी हे. माझा बाप म्हणायचा. झोपेत म्हणेन."

"तुझा बापही चुकायचा मग."

लठ्ठ बाईनं डोळे उघडले. "अहो, म्हणू द्या ना त्याला. मला पुढच्याच्या पुढे उतरायचंय. शेवटचं कडवं राहील माझं."

तेन्चानं खोका शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि ती उभी राहिली. का उभी राहिली हे तिला सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं एका जागी बसून काम केलेल्या बाईचे गुडघे लगेच सरळ होत नाहीत. तिनं वरचा दांडा पकडला, आणि बस वळली तशी ती त्याला लोंबकळल्यासारखी झाली. तिच्या कानात आईचा आवाज होता. तू तिथं नव्हतीस. तू घरी होतीस, तापानं फणफणली होतीस, कुणी विचारलं तर हेच सांगायचं. आईनं हे तिला त्याच दुपारी सांगितलं होतं, तिच्या मोज्यांवरचं रक्त नळाखाली चोळत असताना. आईचा हेतू वाईट नव्हता. एक मुलगी गेली, दुसरीला कोर्टात उभी करायची नाही, एवढाच हिशेब तिच्याजवळ होता. गोळी झाडणाऱ्या रुपेर्तोचे भाऊ तेव्हा गावात घोड्यावरून फिरत होते. मग जज्जनं मोठ्या माणसांना विचारलं, आणि स्टेशनमास्तरनं सांगितलं की पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुणीतरी होतं, त्याच्या हातात मुलीची पेटी होती, तोंड दिसलं नाही. एवढ्यावर तो परका जन्माला आला. तो उंच होता, असं कुणी म्हणालं. त्याच्या मिशा होत्या, असं दुसऱ्या कुणी. वर्षभरात ट्रांकिलिनो नावाच्या अकॉर्डियनवाल्यानं त्याला गाण्यात बसवलं; हा ट्रांकिलिनो रुपेर्तोच्या थोरल्या भावाबरोबर रोज प्यायचा. रुपेर्तोला सहा वर्षांची शिक्षा झाली, तीन भोगून तो सुटला, आणि बाहेर आला तर गाणं त्याच्या आधी सगळीकडे पोचलेलं.

"पेटी परक्याच्या हातात नव्हती," तेन्चा म्हणाली. "माझ्या हातात होती."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

"देल्फिना एलिसोन्दो माझी बहीण. मी ओर्तेन्सिया एलिसोन्दो, घरची तेन्चा. नऊ वर्षांची होते. दुसरा पुरुष कुणी नव्हता. ती साल्तियोला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला निघाली होती, पत्र आलं होतं तिला. अंगठी तिनं आठ दिवस आधीच परत केली होती, रुमालात बांधून, रुपेर्तोच्या आईच्या हातात. दोन धनी नव्हते तिला. एकही नव्हता."

एवढं बोलून तिला धाप लागली. कॉलेजच्या मुलींपैकी एक तोंडावर हात ठेवून बघत होती. दुसरीला हसावं की काय करावं कळत नव्हतं. वर्तमानपत्रवाला म्हातारा खाकरला. "बाई, तुम्ही म्हणता ते असेलही," तो म्हणाला, "पण माझ्या चुलत्यानं त्या रुपेर्तोला पाहिलेला. स्वतःच्या पैशानं दारू पाजली होती त्याला. अगदी मोडून गेलेला माणूस. गाणं लागलं की रडायचा बिचारा."

"बिचारा?"

"मी आपलं ऐकलेलं सांगतो."

"सत्याहत्तर वर्षं जगला तो बिचारा," तेन्चा म्हणाली. "झोपेत गेला. जिथं जाईल तिथं लोक त्याला पाजायचे, तुमच्या चुलत्यासारखे. माझी बहीण एकोणीस वर्षांची होती. तिला कुणी काय पाजलं?"

म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र उघडलं आणि मग ते उलटं धरलंय हे बघून पुन्हा मिटलं.

सेवेरोचा अंगठा आता थांबला होता. तो चिडला होता, आणि चिडल्यामुळे त्याचा चेहरा एकदम थकलेला दिसत होता. "हे बघा बाई," तो हळू म्हणाला, "तुमचं दुःख असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी लोक सांगतात ते गातो. पहाटेपासून आठ बसगाड्या केल्यात. गाणं असं आहे म्हणून असं गातो. गाणं कुणाच्या बापाचं नसतं."

"बापाचं नसेल. बहिणीचं आहे."

"मग काय करू मी? बदलू? बदललं तर लोक म्हणतील, सेवेरोला गाणं येत नाही."

"तू नको बदलू," तेन्चा म्हणाली. "तू वाजव. मी म्हणते."

त्यानं मान हलवली. "नाही. मला नका ओढू यात." गिटार पाठीला मारून तो दाराकडे गेला, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली, आणि बस पुरती थांबायच्या आत खाली उतरला. दार बंद झालं. तेन्चा दांड्याला धरून उभी राहिली. आता बसायचं, खोका मांडीवर घ्यायचा, आणि दोन थांब्यांनंतर उतरून डॉक्टरांच्या जिन्यानं वर जायचं. हे किती सोपं होतं. बस गप्प होती आणि ती शांतता तिच्यासाठीच वाट करून देत होती, जशी लोक वेड्या माणसाला वाट करून देतात. तिनं आपल्या पायाकडे बघितलं. पाय स्थिर होता. आणि मग तिनं गायला सुरुवात केली.

तिचा आवाज काही गाण्याचा नव्हता. वरचा स्वर फाटायचा आणि खाली आल्यावर मेणाच्या वासानं घट्ट झालेला घसा खरखरायचा. पण ठेका पक्का होता. चाळीस वर्षं पायात मुरलेला ठेका. तिनं पहिलं कडवं जसंच्या तसं घेतलं, कारण गोळीबार झाला होता, मार्च होता, गार होतं. दुसरं कडवं तिनं गाळलं. तिसऱ्याला ती क्षणभर अडली, आणि मग तोंडातून आलं ते असं, कधी न जुळवलेलं:

जुना कोट, राखी रंग, गाडीची होती घाई,
पेटी बहिणीच्या हाती होती, परकं कुणी नाही.

मागून कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. लठ्ठ बाईचा थांबा आला. ती उठली नाही. शेवटचं कडवं तेन्चाला सगळ्यात जास्त छळत आलं होतं, ते पोरींना ताकीद देणारं, जे लग्नात बाप लोक ग्लास उंचावून मुलींकडे बघत म्हणायचे:

पोरींनो गं, ध्यानी धरा, शब्द असावा एक,
दोन घरी जी दिवा लावी ती कुणाची ना लेक.

त्या जागी तिच्याकडे काहीच नव्हतं. दोन ओळींची जागा रिकामी होती आणि चाल तर पुढे जात होती. तेव्हा तिनं त्या जागी नुसतं नाव घेतलं. देल्फिना एलिसोन्दो, देल्फिना एलिसोन्दो, चालीत बसेल तसं ओढून, तोडून, चार वेळा. मग ती बसली. घाम कानामागून मानेवर उतरत होता. लठ्ठ बाई तिच्याकडे न बघता पिशवीतली कोथिंबीर आत सारत म्हणाली, "माझी धाकटी टेलिफोनातच आहे," आणि जरा वेळानं, "पगार बरा देतात." कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "ते गाणं पुन्हा म्हणाल? ते कोटाचं?" तेन्चा म्हणाली, "आत्ता नाही. घसा गेला." तिचा थांबा केव्हाच मागे पडला होता. उन्हात बारा चौक उलट चालत ती डॉक्टरकडे पोचली तेव्हा तिथली नर्स म्हणाली, "आज उशीर? तुम्ही?" आणि तेन्चानं खोका टेबलावर ठेवत सांगितलं, "हो. झाला."

घरी आली तर बाल्दो ओट्याशी उभा राहून अंड्यात वाळलेलं मांस परतत होता. लोखंडाचा कारखाना बंद पडल्यापासून दुपारचं जेवण त्याच्याकडे होतं, आणि ते तो कारखान्यातल्यासारखंच करायचा, सगळी हत्यारं ओळीनं मांडून. मैद्याच्या पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. तो शीळ घालत होता. आणि अर्थातच तीच चाल. चौतीस वर्षं दाढी करताना, सायकलला तेल देताना, मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात, हा माणूस तीच चाल शिळेवर घालत आला होता, आणि काय सुरेख घालायचा. शेवटच्या ओळीला एक छोटासा हेलकावा द्यायचा, तो मूळ गाण्यात नव्हताच.

"बाल्दो, गॅस बंद कर आणि बस."

तो बसला. तिनं त्याला सांगितलं. बसमधलं नाही, आधी फलाटावरचं. आणि बसमध्ये जे सांगितलं नव्हतं तेही. पेटी जड होती. देल्फिना पुढे चालली होती, भराभर, गाडी आलेली होती, इंजिन सुसकारे टाकत होतं. मी म्हटलं, ताई थांब, हात दुखतोय. ती थांबली. मागे वळली. माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, अगं हात बदल ना, वेडे, दुसरा कशाला दिलाय देवानं. तेवढ्यात रुपेर्तो मालधक्क्याकडून आला. गाण्यात आहे ना, रुपेर्तो म्हणाला थांब जरा, देल्फिना हसली फक्त? ती त्याला हसलीच नाही. तिनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. ती मला हसत होती. मी थांबवली नसती तर ती डब्यात चढली असती.

बाल्दो बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठ्यानं काहीतरी पुसत राहिला. तिथं काही नव्हतं.

"चौतीस वर्षं," तो शेवटी म्हणाला. "मी तुझ्या तोंडावर शीळ घालतोय चौतीस वर्षं. आणि तू एकदाही म्हणाली नाहीस, बाल्दो, पुरे."

"तू छान घालायचास."

"तेन्चा, चेष्टा करू नकोस माझी."

"चेष्टा नाही. मला आवडायची. तेच सांगायची लाज वाटायची."

तो उठला, खिडकीपाशी गेला. खिडकीतून खोगिराचा डोंगर दिसत होता, उन्हानं पांढुरका पडलेला. त्याला राग आला होता आणि कुणावर काढावा ते समजत नव्हतं. "तुझ्या आईनं तरी सांगायचं मला. म्हातारी तर रेडिओला कान लावून बसायची ते ऐकायला. मला वाटायचं तिलाही आवडतं."

"ती म्हणायची, नाव तरी घेतात तिचं. आमच्या घरात कुणी घेत नव्हतं ना. रेडिओवाल्यांनीच घ्यायचं."

"मग आता काय? मी शीळ घालायची नाही?"

"घाल. पण मी जे शब्द सांगेन ते डोक्यात ठेवून घाल."

"शिळेला शब्द नसतात, बाई."

"तुला असतात. मला माहीत आहे."

थंड झालेली अंडी त्यानं दोन ताटांत वाढली. जेवताना मध्येच म्हणाला, "तू नऊ वर्षांची होतीस, तेन्चा. नऊ वर्षांच्या पोराला पेटी जड होणारच." हे कुणीतरी म्हणावं म्हणून ती त्रेचाळीस वर्षं थांबली होती असं नव्हतं. ते ऐकून काही हलकंही झालं नाही. फक्त त्या रात्री आठवणीतली देल्फिना आली तेव्हा तेन्चानं तिला, हट्टी पोराला घालावा तसा, एक एक बाही ओढून, मामाचा राखाडी कोट घातला. झगा खालून पिवळा दिसत राहिला. तिनं बटणं लावली.

त्यानंतर ती सुटलीच. जिथं गाणं लागेल तिथं ती उठायची. पुतण्याच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला तिनं भर हॉलमध्ये बँडवाल्याचा माईक मागितला, दिरानं नंतर बाल्दोला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" आणि बाल्दो म्हणाला, "तुझ्यापेक्षा बरी आहे." खाटकानं सांगून टाकलं, "तेन्चाबाई, तुम्ही दारात दिसलात की मीच रेडिओ बंद करतो," तर ती म्हणाली, "बंद नको करूस, मी आहेच की म्हणायला." काही लोक तिला टाळू लागले. कामावरच्या पोरींनी कोटाचं कडवं पाठ केलं आणि मेण तापत असताना त्या ते हळू आवाजात म्हणायच्या. कुठून तरी ते त्यांच्या भावांकडे गेलं असावं, भावांकडून आणखी कुणाकडे. एकदा सतरा नंबरमध्ये सेवेरो चढला, तिला पाहून दारातच थबकला, आणि दुसरंच काहीतरी गायला. उतरताना मात्र तिच्या बाकाशी वाकून म्हणाला, "बाई, ते दुसरं कडवं तुम्ही गाळता ना, तिथं चाल लंगडते. काहीतरी भरा तिथं." आणि निघून गेला. ती चार दिवस त्या कडव्याच्या मागे होती. अंगठी, रुमाल, त्याची आई, जुळत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आणि बाल्दो नदीकाठच्या बाजारात गेले होते. नदीत पाणी नव्हतंच, नुसते गोटे आणि वारा. कपड्यांच्या ढिगांपलीकडे दोघंजण वाजवत होते, एक अकॉर्डियनवर, दुसरा जाड तारांच्या गिटारीवर, आणि भोवती वीस-पंचवीस माणसांचं कडं. चाल तिला लांबूनच कळली. कोट आला, राखी रंग आला, तेन्चा थांबली. बाल्दोच्या हातात संत्र्यांची पिशवी होती, तोही थांबला. परका नव्हता. कुठेच नव्हता. एवढ्या वर्षांनंतर तो मिशाळ, उंच माणूस लास नोरियासच्या फलाटावरून निघून गेला होता. आणि त्याच्या जागी हे आलं:

पेटी होती बहिणीच्या हाती, डोळ्यांत तिच्या भय,
दुसरी गोळी तिला लागली, सात वर्षांचं वय.

कड्यातली एक तरुण बाई कडेवरच्या मुलाच्या टाळूला ओठ लावून डोळे पुसत होती. एक म्हातारा टोपी काढून उभा होता. अकॉर्डियनवाल्यानं दोन्ही बहिणींना एका खड्ड्यात पुरलं आणि वर एकच मोगऱ्याचं झाड लावलं.

"तुला मारलं गं त्यांनी," बाल्दो हळूच म्हणाला.

"ऐकलं मी."

"लोक रडताहेत बघ. जुन्या गाण्यापेक्षा जास्त." तो जरा थांबला. "जाऊ दे, तेन्चा. निदान आता तिला कुणी वाईट तरी म्हणत नाही. राहू दे असंच. चांगलं झालंय गाणं."

गाणं खरंच चांगलं झालं होतं, आणि उद्या ते सगळीकडे जाईल. खाटकाकडे, लग्नांत, शाळेच्या अंगणात. पोरी समोरासमोर उभ्या राहून टाळ्या देतील आणि आता दोघी मरतील. गाण्यातल्या त्या मेलेल्या धाकटीला हात बदल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तिच्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं, तिला पुढे कुणाला काही सांगायचं नव्हतं. सगळ्यांना सोयीची होती ती. तेन्चानं आपली पर्स बाल्दोच्या दुसऱ्या हातात दिली.

"कुठं निघालीस?"

ती माणसांतून वाट काढत पुढे गेली. रडणाऱ्या बाईनं तिला जागा करून दिली, तिलाही जवळून ऐकायचं असेल असं वाटून. अकॉर्डियनवाला शेवटच्या कडव्यावर आला होता, भाता पूर्ण ताणलेला, मान मागे, डोळे मिटलेले. तेन्चा त्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिनं त्याच्या ताणलेल्या भात्यावर तळवा ठेवला. आवाज घुसमटून थांबला. त्यानं डोळे उघडले.

"नऊ," ती म्हणाली. "सात नाही, नऊ. आणि ती मेली नाही. पहिल्यापासून घे."